सात नळ्या चिखल

"सर, इथे एक वर्ष राहिलंय," ती म्हणाली.

नोकरीवर रुजू होऊन तिला जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. मी भिंग खाली ठेवलं आणि शक्य तितक्या प्रेमळपणे विचारलं, "कुठे?"

"हे बघा ना. हा फिका थर, खाली हा काळा, मग परत हा फिका आणि परत काळा. तुमच्या कागदावर दोन्ही जोड्या मिळून एकच वर्ष धरलंय."

मी वाकून बघितलं. राहिलं होतं.

"ते वादळाचं आहे," मी म्हणालो. "एकाच उन्हाळ्यात दोनदा लोंढा आला की असं दिसतं. हळूहळू कळेल तुम्हाला."

"अच्छा," ती म्हणाली आणि वहीत लिहूनही घेतलं. तेवढ्यात आमचे साहेब, डॉ. पारसनीस, मागून आले, माझंच भिंग उचलून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वर्षच आहे हो हे, बोंद्रे. वादळ कसलं? बाई, तुमचं नाव काय म्हणालात?"

"उज्ज्वला वेळापुरे."

"वा," साहेब म्हणाले. बारा वर्षांत साहेबांच्या तोंडून मी 'वा' दोनदाच ऐकलं होतं, त्यातला एक आंब्याच्या डाळीला होता.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, पुण्यातल्या एका सरकारी संशोधन संस्थेतली. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कँटीनमध्ये मला अजून चहा मिळतो. आमचं काम चिखल मोजण्याचं. हिमाचलात वर, जिथे रस्ता संपून खेचर सुरू होतं तिथे, एक तळं होतं. सहा महिने ते गोठलेलं असे. उन्हाळ्यात बर्फ वितळून ओढे आले की तळाशी फिकी रेती बसायची, आणि हिवाळ्यात बर्फाखालचं पाणी निवांत झालं की बारीक काळा गाळ बसायचा. एक फिका थर, एक काळा थर: झालं एक वर्ष. आम्ही तळ्याच्या बुडात एकीखाली एक नळ्या खुपसून हा गाळ जसाच्या तसा वर काढला होता. सात नळ्या, प्रत्येक जेमतेम दोन हात लांब. सातव्या नळीच्या तळाशी थर एकाएकी कागदासारखे पातळ होत होते. म्हणजे कोणे एके काळी शंभरेक वर्षं त्या डोंगरांत पाणी जवळजवळ यायचंच थांबलं होतं. तो दुष्काळ संपला त्याला आजपर्यंत किती वर्षं झाली, एवढाच प्रश्न होता. वरून खाली मोजत जायचं आणि आकडा सांगायचा.

"एवढंच?" असं माझी बायको दरवर्षी विचारायची.

एवढंच. पण पारसनीस साहेबांना तो आकडा येत्या जूनमध्ये स्वित्झर्लंडला घेऊन जायचा होता. तिथे बर्फवाले येणार होते. हे लोक ध्रुवाकडच्या बर्फात भोकं पाडून बर्फाच्या कांड्या काढतात आणि त्यातले थर मोजून जुनं हवामान सांगतात. साहेबांचा त्यांच्यावर राग होता. "त्यांचं काय जातंय," ते म्हणायचे, "पांढरं शुभ्र, स्वच्छ, विमानानं येतं. आपला चिखल खेचरावरून येतो. पण तारीख आपली पक्की निघाली ना, तर त्यांना आपल्या शेजारी बसावं लागेल." साहेब एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण मत्सरात ते आमच्यातलेच एक होते, ही मला त्यांच्यातली सगळ्यात जवळची गोष्ट वाटायची.

मोजणीची पद्धत साहेबांनी घालून दिलेली होती आणि ती मोडायची कुणाची हिंमत नव्हती. नळी काकडीसारखी उभी चिरायची. एक फाक एकानं मोजायची, दुसरी दुसऱ्यानं. थर तेच, डोळे दोन. मोजणी चालू असताना आकड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. साहेबांच्या भाषेत 'हुं' सुद्धा नाही. शेवटी प्रत्येकानं नळीवार आकडे आणि बेरीज लिहून पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, चिकटवल्या जागेवर सही करायची. मग दोन्ही पाकिटं साहेब एकाच वेळी फोडणार. दोन आकड्यांत शेकडा एकापेक्षा जास्त फरक निघाला, तर कुणाचा तरी डोळा कच्चा.

"या वेळी बोंद्रे आणि वेळापुरे," साहेबांनी जाहीर केलं. "ज्याचा आकडा टिकेल तो माझ्याबरोबर जूनमध्ये येईल. वेळापुरेबाई, तुमची नेमणूक मार्चअखेरपर्यंत आहे. आकडा टिकला तर पुढचं पत्र मी स्वतः लिहीन. नाही टिकला, तर तुम्ही दुसरं काहीतरी बघावं हे बरं. या कामात डोळा नसलेला माणूस दुखावला जातो."

आजवर दुसरी फाक मोजायला जो कुणी बसे, त्याला माझ्या आकड्यावरून जोखलं जाई. आता माझ्या समोरच्या टेबलावर ही.

आणि ती मोजायची कशी? मी शंभर वर्षं झाली की एक टाचणी टोचायचो. ही बारा झाली की रंगीत दोऱ्याचा एक तुकडा ठेवायची. बारा, लाल. बारा, हिरवा. बारा, पिवळा.

"बारा का?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"सवय, सर. फलटणला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. मी पाच वर्षांची असल्यापासून डझन लावते. दहा मोजायला सांगितले की माझी चूक होते."

"इथे इतिहास मोजतोय आपण, वेळापुरेबाई. बांगड्या नाहीत."

"हो ना," ती म्हणाली. "बांगड्या फुटल्या तर भरून तरी देता येतात."

साहेब दारात होते. ते हसले. तेही माझ्या लक्षात आहे.

मी मत्सरी माणूस नाही. फक्त त्या तीन महिन्यांत मला काही गोष्टी दिसू लागल्या. पाठ टेकायची एकुलती एक खुर्ची तिच्याकडे गेलेली दिसली. तिच्या टेबलावर उत्तरेचा उजेड येतो आणि माझ्या टेबलावर शेजारच्या इमारतीचा जिना, हे बारा वर्षांनी दिसलं. ती मोजताना गुणगुणते आणि तरीही चुकत नाही, हे दिसलं. मी घरी जाऊन सांगायचो, "नवीन बाई जरा उथळच आहे." बायको म्हणायची, "रोज सांगताय. एवढी उथळ आहे तर रोज काय सांगायचं असतं तिच्यात?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझी मोजणी संपली. दोन हजार नऊशे अकरा. मोजलेला प्रत्येक थर मी कागदाच्या लांब पट्टीवर पेन्सिलीच्या रेघेनं उतरवायचो, रोजची तारीख घालून. ती पट्टी गुंडाळून खणात ठेवली. पाकिटं सोमवारी फुटणार होती. शुक्रवारी दुपारी ती डबा खायला खाली गेली आणि मी वर राहिलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. चिखल वाळला की तडकतो, आणि तडकला की थर तुटतात. म्हणून चिरलेल्या फाकांवर ओलं फडकं घालायचं आणि जेवणाच्या सुट्टीत जो वर राहील त्यानं सगळ्यांची फडकी भिजवायची, असा आमचा रिवाज होता. तेव्हा मी तिच्या टेबलाशी गेलो तो कामासाठी. फडकं भिजवलं. पिळलं. घातलं. एवढ्यावर परत यायला काहीच हरकत नव्हती.

तिची वही तिथेच होती. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर नाव. मी हात पुसले. हात पुसून वही उघडली, हे मला आजही सगळ्यात लाजिरवाणं वाटतं. म्हणजे घाई नव्हती.

शेवटून चौथ्या-पाचव्या पानावर होतं. नळी एक, चौतीस डझन. नळी दोन, पस्तीस. असं सातपर्यंत. खाली एकूण दोनशे एकोणचाळीस डझन, त्याला बारानं गुणून, खाली दोन रेघा मारून: दोन हजार आठशे अडुसष्ट.

माझ्यापेक्षा त्रेचाळीस कमी.

मी वही मिटली आणि जागेवर जाऊन बसलो. एखाद्या सरळ माणसाला त्या क्षणी वाटलं असतं, चला, पोरगी चुकली. मला तसं एक क्षणही वाटलं नाही. मला आठवलं ते पहिल्या दिवशीचं वर्ष, मी गाळलेलं. आता मी उलट जास्त धरली असणार, त्रेचाळीस वादळांना वर्षं म्हणून बसलो असणार. डोळ्यांवर वय आलं असणार. मी एकेचाळीस वर्षांचा होतो.

संध्याकाळपर्यंत मी माझा कागद नव्यानं लिहिला. तिचेच डझन बारानं गुणले. अगदी तिचेच आकडे लिहिले असते तर शंका आली असती, आणि मी काही मूर्ख नव्हतो. म्हणून सातातल्या पाच नळ्यांत एकेक वाढवला. दोन हजार आठशे त्र्याहत्तर. पाकीट चिकटवलं, वर सही केली. सही छान आली होती.

सोमवारी चहा झाल्यावर साहेबांनी दोन्ही पाकिटं पेपरनाइफनं फोडली. आधी माझं. "बोंद्रे, दोन हजार आठशे त्र्याहत्तर." मग तिचं.

"वेळापुरे," साहेब थांबले. "दोन हजार नऊशे चौदा."

मला वाटलं साहेब चुकीचं वाचताहेत. मी उठून बघायला गेलो. चौदाच होते.

"एक्केचाळीसचा फरक," साहेब म्हणाले. "एकोणतीसपर्यंत चाललं असतं." त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मग ते, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, शांतपणे आणि संपूर्ण चुकीच्या दिशेनं निघाले. "बाई, तुम्ही वादळं वर्षांत धरलीत. बोंद्र्यांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच तेव्हा ऐकलं नाही."

 तिच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"मी परत मोजू का, सर?"

"मोजा. पण पत्रं शुक्रवारी टाइप होतात. बोंद्रे, यांना तुमचे नळीवार आकडे द्या. कुठे कुठे घसरल्या ते कळू दे."

माझ्या मत्सराला हवं होतं ते सगळं एका सकाळी मिळालं. साहेबांनी मला पाठीची खुर्ची परत दिली. मी तिच्यात बसलो. आणि पुढचे तीन दिवस समोरच्या टेबलावर ती मान खाली घालून मोजत होती आणि गुणगुणत नव्हती. तिनं लपवलेला कुठला तरी आकडा मी बघितलाच नाही, एवढं मला कळत होतं. कुठला, ते कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली. हातात माझा कागद होता.

"बोंद्रे सर, बसू?"

"बसा की."

"मी परत मोजलं. एकदा नऊशे तेरा आलं, एकदा नऊशे पंधरा. मग म्हटलं माझं सोडा, तुमचं कसं आलं ते बघू." तिनं कागद माझ्यासमोर सरळ केला. "चारशे नऊ. चारशे एकवीस. तीनशे शहाण्णव. चारशे नऊ. चारशे बत्तीस. तीनशे पंच्याऐंशी. चारशे एकवीस."

"हो. मग?"

"हे सगळे बाराच्या पाढ्यातले आहेत, सर. दोन जसेच्या तसे, बाकीच्यांत एकेक वाढवलेला. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं. मला चारशे आठ म्हटलं की चौतीस डझन दिसतात, त्याला मी काय करू?"

मी भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छ होतं.

"दुकानात बाबा पूर्ण डझन आधी लावतात," ती म्हणाली. "सुट्या राहतात त्या टोपलीत टाकतात. दिवस संपला की टोपली मोजायची. मीही तसंच केलं. पूर्ण डझन पुढच्या पानावर, आणि प्रत्येक नळीतले उरलेले सुटे थर वहीच्या अगदी शेवटच्या पानावर. आठ, अकरा, तीन, नऊ, पाच, चार, सहा. सेहेचाळीस होतात. तुम्ही शेवटचं पान बघितलं नाहीत."

जिन्यावरून कुणीतरी फाइली घेऊन खाली उतरत होतं. तो पूर्ण खाली जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

सातच्या सात नळ्यांत वर्षं नेमकी डझनातच भरावीत, असा शिस्तीचा निसर्ग मी बारा वर्षांत कधी पाहिला नव्हता. शुक्रवारी मात्र तो मला खटकला नव्हता.

"तुमचा खरा आकडा किती होता, सर?"

"नऊशे अकरा."

"दोन हजार नऊशे अकरा?"

"हो."

 मी रागाची तयारी करून बसलो होतो. राग मला चालला असता. तिच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"हो."

"मग माझं का उतरवलंत?"

"तुमचंच बरोबर असणार, असं मला वाटलं."

तिला हसू आलं की काय ते मला नीट कळलं नाही. "एवढा विश्वास," ती म्हणाली, "माझ्यावर आमच्या बाबांनीसुद्धा कधी ठेवला नाही. ते माझे डझन परत मोजायचे."

मग ती उठली. "मी सरांकडे जाणार नाही. मी सांगितलं तर नवीन बाई जुन्या माणसावर आळ घेते, असं होईल. उद्या दुपारी पत्रं टाइप होतात, तेवढं लक्षात ठेवा."

ती जाऊन मोजायला बसली. आता मोजायचं काही उरलं नव्हतं, तरी बसली.

मला सोपा मार्ग होता. 'साहेब, माझी बेरीज चुकली, हे घ्या नऊशे अकरा' एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांचं भागलं असतं. तिला पत्र मिळालं असतं, माझा डोळा शाबूत राहिला असता, कदाचित जूनमध्ये तिकीटही. हे वाक्य मी साहेबांच्या दारापर्यंत घोळवत नेलं. दार उघडल्यावर तोंडून दुसरंच आलं.

"साहेब, मी वेळापुरेबाईंची वही उघडून बघितली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मी सगळं सांगितलं: फडकं, डझन, पाकीट. मग खणातली पट्टी त्यांच्या टेबलावर उलगडली. ती टेबलावरून खाली उतरून दारापर्यंत गेली. साहेब खुर्चीतून उठले, गुडघ्यांवर बसले आणि भिंग लावून पट्टीवरून दारापर्यंत रांगत गेले. शिपाई चहा घेऊन आला, त्यानं हे बघितलं आणि चहा घेऊन परत गेला.

"तारखा आहेत," साहेब खालूनच म्हणाले. "शेवटची मंगळवारची. वही कधी उघडलीत?"

"शुक्रवारी."

"म्हणजे पट्टी प्रामाणिक आहे." ते उठले, गुडघे झटकले. "पट्टी आपण घेऊ. तुम्हाला घेता येणार नाही."

"कळलं, साहेब."

"नाही कळलं. चोरी केलीत म्हणून नाही म्हणत मी. चोर मी परिषदेला नेलेत." ते खुर्चीत बसले. "बारा वर्षं मी तुमच्या डोळ्यावर विसंबून राहिलो, बोंद्रे. आणि वेळ आल्यावर तुम्ही स्वतः कुणावर विसंबलात? वेळापुरेबाईंवर. मग मीही त्यांच्यावरच विसंबतो. बारा वर्षांच्या माणसाची शिफारस आहे ती."

शुक्रवारी तिचं पत्र टाइप झालं. जूनमध्ये ती साहेबांबरोबर गेली. परत आल्यावर तिनं सगळ्या टेबलांवर चॉकलेटं वाटली आणि माझ्या टेबलावर दोन ठेवली. दोन का ठेवली, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी दोन्ही बायकोनं खाल्ली.

पुढच्या वर्षी त्यांचा शोधनिबंध छापून आला. वर दोन नावं, पारसनीस आणि वेळापुरे. माझं नाव शेवटी आभारांत, पट्टी दिल्याबद्दल. आत, सोळाव्या पानावर, तो आकडा: तळ्यातला दुष्काळ संपल्याला वर्षं झाली दोन हजार नऊशे चौदा, अधिक-उणे तीन. दोन माणसांच्या मोजणीत जेवढं अंतर पडतं तेवढं आकड्याच्या मागे लावायचं, अशी या शास्त्रात पद्धत आहे. चौदा तिचे. अकरा माझे. मधले तीन, म्हणजे मी.

मी निवृत्त झालो, पारसनीस साहेब गेले, वेळापुरेबाई त्या संस्थेच्या संचालक होऊन गेल्या. पण जिथे जिथे त्या तळ्याचा उल्लेख होतो तिथे आकड्यामागोमाग ते तीन येतात. जपानी लोकांच्या निबंधात आले, बर्फवाल्यांच्याही आले. मी संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन अधूनमधून बघून येतो.

गेल्या महिन्यात तिथल्या बाई म्हणाल्या, आता म्हणे नवीन यंत्र आलंय, ते थरांचे फोटो काढून आपोआप मोजतं, आणि त्या तळ्याचा फरक कुणीतरी एकावर आणलाय.

"हो का?" मी म्हणालो. "कुणी?"

त्या नाव शोधायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, घाई नाही, आणि जिना उतरून खाली आलो.